उष्णतेचा चौथा मार्ग

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णता एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्याचे तीन मार्ग दिलेले असतात: वहन, अभिसरण आणि प्रारण. पोरं ते घोकतात, परीक्षेत लिहितात, तीन गुण मिळवतात आणि विसरतात. पुस्तक लिहिणाऱ्या मंडळींविषयी मला आदर आहे, पण त्यांच्यापैकी कोणी दुपारी साडेबाराला, पानं घ्यायच्या आधी, चारचौघांच्या स्वयंपाकघरात उभं राहिलेलं दिसत नाही. राहिलं असतं तर चौथा मार्ग त्यांच्या नजरेतून सुटलाच नसता. चौथा मार्ग म्हणजे झाकण उघडून बघणे.

आता कॅसरोल घ्या. ही वस्तू मराठी घरात विकत आणली जात नाही, ती येते. लग्नात येते, वास्तुशांतीला येते, निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर येते. रचना साधी: आत स्टीलचं भांडं, बाहेर फुलाफुलांचं प्लास्टिक आणि दोघांच्या मध्ये फोम. फोम म्हणजे बंद बुडबुड्यांची गर्दी. त्यातून वाट काढताना उष्णतेच्या नाकी नऊ येतात. शास्त्राप्रमाणे अकराला भरलेल्या चपात्या एकपर्यंत गरम राहायला काही हरकत नाही. पण शास्त्राच्या घरी सासरे नसतात.

साडेअकराला सासरे पाणी प्यायला येतात आणि जाता जाता झाकण उचलून ‘झाल्या का’ ते बघतात. पावणेबाराला मुलगा येऊन मोजतो. बाराला तोच परत येतो आणि मोजलेल्यांपैकी एक तूप-साखर लावून पळवतो. मधेच कोणाचा तरी फोन वाजतो आणि झाकण तिरपं राहून जातं. दर वेळी आतली गरम, दमट हवा भस्सकन बाहेर पडते, तिच्या जागी बाहेरची हवा जाऊन बसते आणि तिला तापवायचं काम चपात्यांच्या गळ्यात पडतं. शेवटी एकला पानं वाढली की पहिला घास घेऊन सासरेच म्हणतात, “हल्लीच्या कॅसरोलमध्ये पूर्वीसारखा राम राहिला नाही.”

बरं, झाकण अजिबात उघडलं नाही तर वेगळीच पंचाईत. गरम चपातीतून वाफ निघते, थंड झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि ते वरून टपटपतं. खालून वेगळी ओल धरते. म्हणून चपात्यांच्या वर-खाली एक सुती फडकं लागतं. अभियंत्यांनी फोम शोधला, पण या फडक्याला पर्याय काही शोधला नाही. घरात त्या फडक्याला नाव नसतं, धुतल्यावर ते कुठे वाळत घालायचं हे ठरलेलं नसतं, आणि ते हरवलं तर मात्र घर डोक्यावर घेतलं जातं.

उष्णता अडवणाऱ्या कुठल्याही वस्तूचं पोट फाडून पाहिलं तर आत बहुधा एकच माल सापडतो, तो म्हणजे हवा. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत तांब्याचा आकडा आहे साधारण ४०० आणि हवेचा ०.०२६. म्हणजे तांबं हवेच्या पंधरा हजार पट चलाख. सरकारी कचेरीच्या हिशेबानं बोलायचं तर तांब्याच्या टेबलावर फाईल थांबतच नाही आणि हवेच्या टेबलावरून ती हलतच नाही. अट एवढीच, की हवेनं स्वतः जागचं हलता कामा नये. ती हलली की फाईल काखेत मारून निघालीच म्हणायची. पुस्तकात त्यालाच अभिसरण म्हणतात. तेव्हा फोम, लोकर, कापूस, पेंढा, थर्माकोल या सगळ्यांचा धंदा एकच, हवेला जागेवर बसवून ठेवणे. मासळीबाजारातल्या त्या पांढऱ्या खोक्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. आपण हवेचे पैसे मोजतो, आणि ते वसूलही होतात.

गोधडीचंही तेच. गोधडी ऊब देते असं आपण म्हणतो, पण ऊब आपली स्वतःची असते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतो. गोधडी ती लगेच जाऊ देत नाही, इतकंच. जुन्या लुगड्यांचे थर, थरांमध्ये कोंडलेली हवा आणि थर सरकू नयेत म्हणून घातलेला धावदोरा. आपलीच ऊब आपल्याला परत करून त्याचं श्रेय मिळवणारी ही वस्तू आहे. (अशी माणसंही असतात, पण तो विषय वेगळा.)

घोंगडीला किंवा पोत्याला गरम-गार यातलं काही कळत नाही. आतलं आत आणि बाहेरचं बाहेर, एवढंच त्यांना ठाऊक. थंडीनं कुडकुडणारा माणूस गुंडाळला तर तो गरम राहील, बर्फाची लादी गुंडाळली तर ती गार राहील. पहिलं सगळ्यांना पटतं. दुसरं पटवायला जावं तर लोक आपल्याकडेच संशयानं बघतात. उन्हाळ्यात रसवंतीवर थोडा वेळ उभं राहा. रसवंतीवाल्यानं बर्फाची लादी भुशात घालून वर तागाचं पोतं टाकलेलं असतं, आणि रसाची वाट बघणारं कोणीतरी हमखास बोलतं, “अहो, एवढं पांघरूण कशाला? उकडून वितळेल ना तो!” रसवंतीवाला उत्तर देत नाही. तो उसाचं कांडकं दुमडून चरकात घालतो. त्याला हा प्रश्न रोज येत असावा.

हीच शंका १८०६ साली बोस्टन शहराला आली होती. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बावीस वर्षांच्या पोरानं ठरवलं, की हिवाळ्यात आपल्याकडची तळी गोठतात, तो फुकटचा बर्फ कापायचा आणि गरम देशांत नेऊन विकायचा. लोक हसले, वर्तमानपत्रानं थट्टा केली. जहाजवाले तर माल भरून घ्यायलाच तयार होईनात. बर्फाचं पाणी होऊन जहाज बुडालं तर काय घ्या! शेवटी पठ्ठ्यानं स्वतःच जहाज विकत घेतलं आणि कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर बर्फ नेला.

बर्फ पोचला. गिऱ्हाईक मात्र तयार नव्हतं. तिथल्या एका गृहस्थानं बर्फ विकत घेतला, भर दुपारी उन्हातून मिरवत घरी नेला, दारापुढे ताटलीत उघडा ठेवला आणि मग तक्रार केली, की हा वितळतोय. ट्यूडरनं वैतागून ही हकिगत पत्रात लिहून ठेवली आहे. मला त्या गृहस्थाविषयी आपुलकी वाटते. हा माणूस आमच्या इमारतीत कुठल्याही मजल्यावर खपून गेला असता.

ट्यूडर कर्जात बुडाला आणि कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला, पण त्यानं बर्फाचा नाद सोडला नाही. त्याला एक गोष्ट उमगली होती, की बर्फ टिकवायला बर्फापेक्षा भुसा महत्त्वाचा. लाकूड कापणाऱ्या गिरण्यांतून भुशाचे ढीग पडलेले असत, त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. एका फुकट वस्तूत दुसरी फुकट वस्तू गुंडाळून त्यानं तिसऱ्या देशात रोख पैसे घ्यायचं ठरवलं. धंदा म्हणतात तो हा.

मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कोलकात्याला निघालं. सुवेझचा कालवा तेव्हा स्वप्नातही नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते हुगळीत शिरलं तेव्हा पोटात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. चार महिने, उष्ण कटिबंध, विजेचा पत्ता नाही, आणि तरी निम्म्याहून जास्त माल शाबूत! कोलकात्याच्या साहेबांना इतका आनंद झाला, की बर्फावरची जकात माफ झाली आणि तो रात्री उतरवायची परवानगी मिळाली. इंग्रज सरकारनं एखादी गोष्ट न रखडता केल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. रखडली असती तर फाईलच भिजली असती.

हे साधलं कसं? फळ्या, भुसा आणि गच्च रचलेल्या लाद्या, ही झाली पुस्तकातली कारणं. माझ्या मते आणखी एक कारण आहे. जहाजाच्या तळाशी उतरून, भुसा बाजूला सारून, ‘बघू तरी किती उरलाय’ असं म्हणणारं घरचं माणूस जहाजावर नव्हतं.

१८३४ मध्ये बर्फ मुंबईलाही आला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढलं. आणि काय व्हावं? यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’नं दिली. हजारो मैलांवरून, समुद्र ओलांडून, भुशात जपून आणलेल्या त्या अद्भुत पदार्थावर मुंबईनं दिलेला पहिला अभिप्राय हा! आज कुठल्याही घरात आइस्क्रीमचा डबा उघडला की आई जे म्हणते, त्यात जवळजवळ दोन शतकांत एका अक्षराचाही फरक पडलेला नाही.

पुढे ट्यूडरची माणसं वॉल्डन तळ्यावरही बर्फ कापायला गेली. तिथे काठावर झोपडी बांधून हेन्री डेव्हिड थोरो चिंतन करत बसले होते. बर्फ निघालेला पाहून त्यांना गहिवरून आलं: आपल्या तळ्याचं पाणी मद्रास, मुंबई, कोलकात्याची माणसं पिणार! त्यांनी ते लिहूनही ठेवलं. मुंबईकरांना यातलं काही ठाऊक असेल असं वाटत नाही. ठाऊक असतं तरी त्यांनी पहिला प्रश्न पाणी उकळून घेतलंय का, हाच विचारला असता.

बर्फ साठवायला तिन्ही शहरांत बर्फघरं उभी राहिली. मग यंत्रानं बर्फ तयार होऊ लागला आणि १८८० च्या आसपास बोस्टनचा व्यापार आटोपला. मुंबईचं बर्फघर आता राहिलेलं नाही. चेन्नईचं मात्र समुद्रकिनाऱ्यावर उभं आहे. एका वकिलानं ते विकत घेऊन त्याचं घर केलं, आणि १८९७ मध्ये परदेशाहून परतलेले स्वामी विवेकानंद तिथे उतरले होते. आज ते त्यांचं स्मारक आहे.

बर्फावरून फ्रिजवर यायलाच हवं. फ्रिजच्या भिंतीतही फोमच असतो, दाराला लोहचुंबकाची रबरी पट्टी असते, सगळा बंदोबस्त चोख. आणि त्या बंदोबस्तापुढे दार सताड उघडून घरातला एक तरुण विचार करत उभा असतो. त्याला काय हवंय ते त्याला माहीत नाही. फ्रिजमध्ये काय आहे ते मात्र त्याला माहीत आहे, कारण दहा मिनिटांपूर्वी तो तिथेच उभा होता. दरम्यान थंड हवा, जड असल्यामुळे, खालून त्याच्या पायांवर ओघळत असते. “दार लाव!” असं आतून कोणीतरी ओरडतं. “बघतोय!” असं उत्तर जातं. मे महिन्यात तर खोली गार व्हावी म्हणून फ्रिज उघडा ठेवणारेही निघतात. फ्रिज पुढून जेवढा गारवा देतो त्याहून जास्त उष्णता मागच्या जाळीतून त्याच खोलीत सोडतो. त्यामुळे खोली गार होणं दूरच, ती तापते, आणि वर बिल येतं.

नागपूर-चंद्रपूरकडची माणसं या बाबतीत शहाणी. ऊन चढायच्या आत ती दारं-खिडक्या लावून घेतात, रात्रीचा गारवा घरात कोंडून ठेवतात आणि अंधार पडल्यावर सगळं उघडतात. जाड मातीच्या भिंतींचं जुनं घर असेल तर भर दुपारीही आत बसवतं. एवढ्यात पुण्या-मुंबईहून पाहुणा येतो. तो घाम पुसत आत शिरतो, “बापरे, किती कोंदट ठेवलंय!” म्हणतो आणि ‘जरा हवा येऊ दे’ म्हणत खिडकी उघडतो. हवा येते. ४५ अंशांची. यजमान काही बोलत नाहीत, अतिथीधर्म असतो. ते फक्त उठून खिडकी लावतात आणि पाहुण्याला पन्हं देतात.

पुण्या-मुंबईत वरच्या मजल्यावरच्या रहिवाशाचं दुःख निराळं. एजंटनं ‘वरून कोणाचा त्रास नाही’ असं सांगून फ्लॅट गळ्यात मारलेला असतो. त्रास असतो, आणि तो थेट सूर्याचा. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता पीत राहतो आणि रात्री खाली सोडत बसतो, त्यामुळे पंखा लावला की वरून पहाटेपर्यंत दुपारच येत राहते. सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की गच्चीवर ब्रिकबॅट कोबा करावा, का पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवावेत, का नुसता पांढरा रंग मारावा, यावर दोन तास चर्चा होते. पांढऱ्या पृष्ठभागानं ऊन परत पाठवलं की स्लॅब कमी तापतो हे कोणालाच नाकारता येत नाही. तळमजल्यावरचे सभासद ते मान्य करून वर्गणीला विरोध करतात. सभेचं कामकाज चहापानानं संपतं. चहा थर्मासमधून येतो.

थर्मास हा या सगळ्या खटाटोपाचा मुकुटमणी. १८९२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञानं तो केला, आणि चहासाठी नव्हे. त्याला द्रवरूप केलेले वायू साठवायचे होते, आणि ते साध्या भांड्यात उकळून उडून जायचे. त्यानं काचेच्या एका बाटलीत दुसरी बसवली आणि मधली हवा काढून घेतली. हवाच नाही म्हटल्यावर वहन आणि अभिसरण दोघांचीही वाट बंद. काचेला आतून चांदीचा मुलामा दिला, की प्रारणही माघारी. १८९८ मध्ये त्यानं हायड्रोजन द्रवरूप केला, शून्याखाली २५३ अंश! एवढ्या गारठ्यात काम करणारा हा माणूस स्वतः मात्र कमालीचा तापट होता. विल्यम रॅम्झीसारख्या दिग्गज शास्त्रज्ञाशी त्याचा उभा दावा होता. डोकं ठेवायला थर्मास नसतो.

त्यानं पेटंट घेतलं नाही. बर्लिनच्या राइनहोल्ड बर्गर या काच-कारागिरानं बाटलीला धातूचं कवच चढवलं आणि १९०४ मध्ये ‘थर्मॉस’ या नावानं कंपनी निघाली. ड्यूअर कोर्टात गेला आणि हरला. आपल्याकडे तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो १९०८ मध्ये, आणि पुढे त्याच गावात ईगलचे थर्मास होऊ लागले. काचेचा थर्मास घरात असण्याला एके काळी प्रतिष्ठा होती. तो काचेच्या कपाटात असे, आजारपणात किंवा प्रवासात बाहेर येई, आणि खाली ठेवताना “हळू!” असं एकाच वेळी तिघं ओरडत. एक दिवस आतून ‘फट्’ असा आवाज येई. मग घरातला कर्ता पुरुष तो कानाशी नेऊन हलवी आणि आतला खुळखुळ ऐकून “गेला” असं जाहीर करी.

ड्यूअरनं तिन्ही वाटा बुजवल्या, पण वर बूच ठेवावं लागलं आणि तिथेच चौथा मार्ग उघडा राहिला. इस्पितळात पेशंटसाठी आणलेल्या थर्मासचं बूच भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक उघडतो. “गरम आहे ना अजून?” असं विचारत झाकणात घोटभर ओततो, बोट बुडवून खात्री करतो आणि “आहे आहे” म्हणतो. संध्याकाळपर्यंत चौकशीतच चहा संपतो. पेशंटला मोसंबं मिळतं.

या चौथ्या मार्गावर ज्यांनी खरा ताबा मिळवला होता त्या जुन्या आज्या. थंडीच्या दिवसांत विरजणाचं भांडं घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचं आणि सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. मे महिन्यात माळ्यावर आंब्याची अढी लागे. खाली पेंढा, वर पेंढा, मध्ये आंबे. पिकताना आंबा स्वतः उष्णता सोडतो, पेंढा ती धरून ठेवतो. पोरं दर तासाला वर जाऊन, पेंढा उपसून, एकेक आंबा दाबून बघत. मग आजी खालूनच म्हणे, “अढीत साप निघालाय रे काल.” साप कधीच निघालेला नसे. पण त्या एका वाक्यानं जे काम होई, ते करायला आता सेन्सर आणि कुलूप लागतं.

माणसानं उष्णता अडवण्यासाठी केलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात देखणी सध्या पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. जेम्स वेब दुर्बिणीला ऊन लागू नये म्हणून टेनिस कोर्टाएवढं, पाच पदरी छत लावलंय. प्रत्येक पदर केसाइतका पातळ, दोन पदरांमध्ये मोकळी पोकळी. सूर्याकडची बाजू सुमारे ८५ अंश, दुर्बिणीकडची शून्याखाली २३३ च्या आसपास, आणि मध्ये ते पाच पदर. डिसेंबर २०२१ मध्ये निघालेली ही दुर्बीण अजून व्यवस्थित गार आहे. मला त्याचं नवल वाटत नाही. तिथवर जाऊन झाकण उचलणारं कोणी नाही.

आपल्याकडे आहेत. आणि पावसाळ्यात वीज जाणारच. वीज गेली की मेणबत्ती सापडायच्या आत घरातलं कोणीतरी उठून फ्रिज उघडतं आणि आत हात घालून “अजून गार आहे” असं सांगतं. अर्ध्या तासानं दुसरं कोणी तेच करतं. बंद ठेवलेला फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो, आणि भरलेला फ्रीझर त्याहून बराच जास्त. तेव्हा मंडळी, यंदा वीज गेली तर फ्रिजपुढे घरातल्या सगळ्यात जाड माणसाला खुर्ची टाकून बसवा, आणि वीज येईपर्यंत त्याला उठू देऊ नका.